सोजराआत्याच्या नावावर

६ एप्रिल, रविवार

ही वही योगिनीमुळे घ्यावी लागली. मी पाठवायचो ते लांबच लांब मेसेज वाचून ती कंटाळली आणि होळीच्या आसपास तिनं मला ब्लॉक केलं. त्याआधी एक ओळ पाठवली, "एवढं सगळं मला नको पाठवू, वहीत लिहीत जा." म्हणून लिहितोय. तिचं मी ऐकत नाही असं उद्या कुणी म्हणायला नको.

वही कुणाच्या हाती लागलीच तर मी रणजीत, राहणार पुनावळे. बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं. एक सर भर वर्गात म्हणाले, जमिनी विकलेल्या गावातली पोरं कॉलेजात फक्त गाडी लावायला येतात. मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो. माझ्याकडे तेव्हा गाडी नव्हतीच, दादांची जुनी स्कूटर होती. वाटलं, दोन दिवसांत परत बोलावतील. कुणी बोलावलं नाही. आता कुरुळीला रबराचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला आहे. योगिनी माझ्याच वर्गात होती. ती सीए करतेय, चिंचवडला एका सरांच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून बसते.

आज सुट्टी होती म्हणून थेरगावला सोजराआत्याकडे गेलो. आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. पिंपरीच्या एका कंपनीत पॅकिंगला आयुष्य काढून रिटायर झाली. पेन्शन एवढीच की गॅस आणि लाइटबिल भागावं. बाकी सगळं तिच्या मुदत ठेवीच्या व्याजावर. तीन महिन्यांनी व्याज जमा झालं की पासबुक भरून आणते आणि मला भेळ खाऊ घालते. दादा कितीदा म्हणाले आमच्यात राहायला चल, तर म्हणते, माझं व्याज मला पुरतं.

आज भेळ नव्हती. चप्पल काढताना कॉटखाली निळा क्रेट दिसला. ओढून पाहिला तर आमच्या कंपनीचा. साच्यातून निघालेल्या रबरी पार्टच्या कडेला पातळ झालर राहते, ती कात्रीनं छाटायला आम्ही ठेकेदाराला देतो आणि तो घरोघरी बायकांना वाटतो. तसला क्रेट. लेबलवर सही माझीच.

"हे काय आत्या?"

"टाइमपास रे."

तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की बँकेनं टॅक्स म्हणून पैसे कापले. किती? कापले तेवढे कापले.

सदुसष्ट वर्षांच्या बाईचे पैसे कापतात म्हणजे काय? बघतोच.

११ एप्रिल, शुक्रवार

हाफ डे टाकून बँकेत गेलो. रांगेत थांबलो नाही, ही चूक झाली असेल. मॅनेजरला म्हटलं, माझी आत्या दर वर्षी पाडवा झाला की हिरवी साडी नेसून तुमच्याकडे पंधरा एच नावाचा फॉर्म भरते. माझं उत्पन्न एवढं कमी आहे की मला कर लागतच नाही, सबब व्याजातून कर कापू नये, असं त्यात लिहिलेलं असतं. मागच्या वर्षीही भरला होता. मग कापला कसा? मॅनेजर म्हणाला, खातं त्यांचं आहे, त्यांना घेऊन या, दुसऱ्याला माहिती देता येत नाही. नियमाप्रमाणे बरोबर असेल, पण त्याचा 'दुसऱ्याला' हा शब्द मला लागला. मी काउंटरवरचं पेन उचलून हातवारे करत बोलायला लागलो. सिक्युरिटीवाला कोपराला धरून म्हणाला, "भावा, आवाज खाली. माझीपण आई हाय हितं खात्यावर." त्यानं मला बाहेर आणून सोडलं.

बाहेर आल्यावर बघतो तर पेन दोरीसकट माझ्या हातात. हे त्याच पेनानं लिहितोय. मंगळवारी परत करतो.

१५ एप्रिल, मंगळवार

आज आत्याला घेऊन गेलो. ती स्वतः रांगेत उभी राहिली, पेन परत केलं आणि मॅनेजरला म्हणाली, पोरगा मनानं चांगला हाय. मला खाली बघावं लागलं.

काउंटरच्या बाईंनी स्क्रीन वळवून दाखवली. आत्याची जुनी ठेव आहे तशी आहे, तिच्या व्याजातून काही कापलेलं नाही. पण गेल्या ऑक्टोबरात तिच्या नावावर आणखी दोन ठेवी झाल्यात. एक बारा लाखांची, एक चाळीस लाखांची. दोन्हींचं व्याज हातात येत नाही, आतच साठतं. पण एका नावावरचं व्याज वर्षाला ठराविक रकमेच्या वर गेलं की कर कापावाच लागतो, आणि त्या दोन ठेवींसाठी फॉर्म भरलेला नव्हता. मग तो कर कापायचा कुठून? आत्याच्या बचत खात्यातून. डिसेंबरात थोडा, उरलेला मार्चअखेर. एकूण वीसेक हजार. म्हणजे त्या बावन्न लाखांचा कर आत्याच्या भाजीपाल्याच्या पैशांतून गेला.

मी बाकावर बसलो. माझ्या आत्याच्या नावावर बावन्न लाख, आणि ती कात्रीनं रबर छाटतेय.

बाहेर येऊन मी म्हटलं, हा फ्रॉड आहे. म्हाताऱ्या माणसांची कागदपत्रं वापरून टोळ्या खात्यावर पैसे ठेवतात, मी वाचलंय. आत्यानं पिशवीतून बाटली काढली. "पाणी पी." मग शपथ घातली. सोपानला सांगायचं न्हाई, आबाला सांगायचं न्हाई. (सोपान म्हणजे दादा, आबा माझे थोरले चुलते.) का, तर म्हणे मी शब्द दिलाय. कुणाला दिलाय ते सांगेना.

नक्कीच कुणीतरी धमकावलंय तिला.

१६ एप्रिल, बुधवार

आईच्या फोनवरून योगिनीला मेसेज केला, "आत्याच्या नावावर बावन्न लाख सापडलेत, तू लागशील." ती जेवायच्या सुट्टीत असावी. लगेच अनब्लॉक केलं. लिहिलं, "शनिवारी ये. आत्यांचं पॅन कार्ड आण. आणि कुणाशी भांडू नकोस."

शर्ट कुठला घालावा?

१९ एप्रिल, शनिवार

निळा घातला. तिचं लक्ष नव्हतं, पॅन कार्डाकडेच बघत होती.

सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारते काय, तर तुमच्या जमिनीचे पैसे कधी आले रे? म्हटलं, गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आसपास, बिल्डरकडून. त्याचा इथं काय संबंध? मग विचारते, जमिनीत आत्यांचं नाव होतं का? होतं, पण तिनं आधीच हक्कसोड करून दिलं होतं. आमच्यात बहिणी भावांकडून काही घेत नाहीत, माहेर राहावं म्हणून रजिस्ट्रारसमोर सही करून मोकळ्या होतात. त्या दिवशी थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, सगळ्यांना हॉटेलात जेवू घातलं आणि आत्याला साडी घेतली. एकदम भारी साडी होती, मीच निवडली होती. हे सांगितल्यावर योगिनी माझ्याकडे बघतच राहिली. मला बरं वाटलं.

निघताना म्हणाली, आधार कार्ड पण लागेल, बुधवारी घेऊन ये. एवढी हुशार मुलगी, पण सगळे कागद एकदम सांगायचं सुचत नाही.

२० एप्रिल, रविवार

शपथ अर्धी मोडली. आत्याचं नाव घेतलं नाही. जेवताना एवढंच म्हटलं की एका ओळखीच्या म्हाताऱ्या बाईंच्या नावावर कुणीतरी गुपचूप मोठी रक्कम ठेवलीय आणि मी सायबर पोलिसांकडे जाणार आहे. दादांना जोरात ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, पोलीस-बिलीस काही न्हाई, दुसऱ्याच्या भानगडीत पडू नको.

अर्ध्या तासानं आबा आले, बनियनवरच. आबा कधी बनियनवर घराबाहेर पडत नाहीत. मी गच्चीत कपडे काढायला गेलो होतो, तिथं येऊन म्हणाले, "काय रे, कुठं पोलिसांत चाललास म्हणं?" मग दोघं भाऊ पायरीवर बसून बराच वेळ एकमेकांकडे बघत होते, बोलत मात्र भावकीतल्या लग्नाबद्दल होते.

आमच्या घरात मी सोडून कुणाला अन्यायाची चीड नाही.

२३ एप्रिल, बुधवार

आधार कार्ड दिलं. आता पासबुकाची झेरॉक्स पाहिजे म्हणे, शनिवारी.

२७ एप्रिल, रविवार

काल झेरॉक्स नेली. मी अजून टोळीचंच बोलत होतो. दिल्लीची असेल, नाहीतर झारखंडची. योगिनीनं पेन खाली ठेवलं.

"रणजीत, तुझे चोर तुझ्या शेजारी बसून जेवतायत."

मला कळेना. तिनं कागदावर फक्त तीन गोष्टी लिहिल्या: जमिनीचे पैसे आले तो महिना, ठेवी झाल्या तो महिना, आणि खाली 'दोन भाऊ, दोन ठेवी'. माझ्या कानांतून वाफ निघाली असेल. तसाच उठलो. तिनं स्कूटरची किल्ली काढून घेतली. म्हणाली, आधी वहीत लिही, मग जा. बाकावर बसवून चहा दिला आणि ऑफिसची कोरी पानं दिली. मी पाच पानं लिहिली. त्यात दादांना जे जे लिहिलंय ते इथं उतरवत नाही. पाचव्या पानापर्यंत हात दुखायला लागला आणि राग बराच पातळ झाला. तिनं किल्ली दिली. मी घरी गेलो नाही, आत्याकडे गेलो.

आत्या म्हणाली, "कळलं ना? बस मग." आणि क्रेट ओढून छाटायला बसली. छाटता छाटता सांगितलं. आधी दादा आले होते. आक्का, तुला वयामुळं व्याज अर्धा टक्का जास्त अन् तुझ्या नावावर टॅक्सपण न्हाई, फक्त सही कर, आबाला सांगू नको. पंधरा दिवसांनी आबा आले. तेच. सोपानला सांगू नको. तिनं दोघांना शब्द दिला. दोघं एकाच बँकेत, एकाच बहिणीच्या नावावर ठेवून गेले आणि दोघांना वाटलं, ही युक्ती फक्त मलाच सुचली.

"पैसे गेले तेव्हा त्यांना का नाही सांगितलंस?"

"एकाला सांगायचं तर दुसऱ्याचं उघडं पडतं. भावाभावांत वाकडं येईल. माझ्या हातांना काय झालंय?"

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. दादा म्हणाले होते, दिवाळीला ठेवीची एक पावती मोडून तुला बुलेट घेऊ. कुठली पावती, हे मी कधी विचारलं नव्हतं.

११ मे, रविवार

योगिनीचे सर म्हणाले, रिटर्न भरायला थांबावं लागेल. बँकेनं कुणाचा किती कर कापला ते आकडे जूनमध्ये सरकारच्या साइटवर दिसतात. तोवर शांत राहा. शांत राहा हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.

तोवर मी संध्याकाळी आत्याबरोबर छाटायला बसतो. दिसतं तेवढं सोपं नाही. कात्री जरा आत गेली की पार्ट वाया. बुधवारी छाटून नेलेला एक क्रेट क्वालिटीवाल्यानं परत पाठवला, 'कडा कुरतडलेल्या आहेत'. रिजेक्टचं लाल लेबल लावायचं काम डिस्पॅचचं, म्हणजे माझंच. माझ्या कामावर लाल लेबल मी स्वतः लावलं आणि खाली सही केली. आत्याला सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

योगिनीनं मतदार ओळखपत्र मागितलंय. आयकराला ते कशाला लागतं, देव जाणे. पण दिलं.

११ जून, बुधवार

आकडे आले. योगिनीनं सगळं मांडून दाखवलं. बावन्न लाखांचं व्याज धरलं तरी आत्याला कर शून्यच येतो. रिटर्न भरला की कापलेले सगळे पैसे परत.

मी म्हटलं, मग भर की.

ती म्हणाली, "भरते. पण रिटर्नवर आत्यांनी लिहून द्यायचं की हे व्याज माझं. त्यांचं आहे का?"

मी तिनं मांडलेले आकडे परत वाचायला लागलो.

"भावानं बहिणीला पैसे दिले तर त्यावर कर नाही, चांगली गोष्ट आहे. पण मग ते बहिणीचे. आणि दिले नसतील तर व्याज भावांचं, कर भावांचा. दोन्ही एकदम चालत नाही. आत्यांकडून खोटं लिहून घेऊन मी सही नाही घेणार."

आत्याला जाऊन सांगितलं. म्हटलं, मी पोलिसांचं काढलं त्या रविवारीच त्यांचं आपसात उघडं पडलं असणार, तू कुणाला जपतेस? तिनं कात्री पुसून बाजूला ठेवली. म्हणाली, "रविवारी दोघांना जेवायला बोलाव. त्या पोरीलापण बोलाव. अन् तू तोंड उघडायचं न्हाई."

१५ जून, रविवार

सगळं सविस्तर लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

आत्यानं पुरणपोळ्या केल्या होत्या. दादा आणि आबा एकाच वेळी दारात पोचले आणि दोघांनी एकमेकांना "तू पण?" असं विचारलं. योगिनी आधीच येऊन पोळ्यांना तूप लावत होती. आबांनी ही कोण म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली, माझी वकील. योगिनीनं ते दुरुस्त केलं नाही.

ताटं वाढली. मग आत्या म्हणाली, हिला एक इचारायचंय तुमाला. योगिनीनं हात पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं.

"काका, एकच प्रश्न आहे. ते पैसे तुम्ही आत्यांना दिलेत, की आत्यांच्या नावावर ठेवलेत?"

आबांनी घास थांबवला. म्हणाले, एकच की ते. ती म्हणाली, नाही, एक नाही. दिले असतील तर त्यांचे. उद्या त्यांनी त्याचं काहीही केलं तरी विचारायचं नाही. ठेवले असतील तर तुमचे, मग व्याज तुमच्या रिटर्नमध्ये दाखवा, कर तुम्ही भरा, आणि ह्यांच्या खात्यातून गेलेला कर ह्यांना द्या.

आबा हसले. "आगं पोरी, टॅक्सवाल्यांसाठी दिलेत अन् घरच्यांसाठी ठेवलेत. सगळं जग असंच करतं."

दादापण हसले. माझ्या डोक्यात कळ गेली. तोंड उघडलंच होतं, पण आत्यानं नुसतं बघितलं. मग मी तोंडात अख्खी पोळी कोंबली. तरी हात शांत बसेनात. कॉटखालचा क्रेट ओढला, कात्री घेतली आणि त्यांच्या समोरच मांडी घालून छाटायला लागलो. बोलायचं नाही म्हणाली होती, छाटायचं नाही असं कुठं म्हणाली होती?

दादांनी विचारलं, हे काय? मी पोळी चावत होतो. योगिनीनं सांगितलं, "आत्यांचं काम आहे. मार्चमध्ये खातं रिकामं झालं तेव्हापासून."

दादा उठले. आत्याचा हात धरून अंगठा पाहिला. नवी चिकटपट्टी होती. दादांचं डोकं तापायला लागलं की डावी भुवई वर जाते. माझीही जाते, आई म्हणते.

"आक्का, तू मला का न्हाई सांगितलंस?"

"शब्द दिला होता. तुला अन् ह्यालाबी."

"आगं पण कात्री..." आणि मग एकदम, खोली हलेल अशा आवाजात, "दिले! माझे दिले! लिहून घे पोरी. हक्कसोडाला सही घेतली तवा एक साडी दिली आम्ही हिला. एक साडी. बारा लाख दिले, झालं?"

आबा म्हणाले, अरे सोपान, जरा दमानं. दादा माझ्याकडे वळले. "तुझी बुलेट गेली बरं का. त्यातनंच येणार होती."

तोंडात पोळी असल्यामुळे मला मोठं काही बोलता आलं नाही. "जाऊ द्या," एवढंच म्हटलं. योगिनी माझ्याकडे बघत होती. शर्ट आज निळा नव्हता, जुना टी-शर्ट होता, त्यावर रबराचा भुगा.

आत्या मात्र घाईत नव्हती. दादांना पाटावर बसवलं, पोळीवर दूध वाढलं आणि म्हणाली, "रागात बोलतोयस. जेवून झाल्यावर परत इचारते."

आम्ही जेवलो. खरंच जेवलो, आबांनी पाच पोळ्या खाल्ल्या. मग आत्यानं सुपारी दिली आणि इचारते म्हणाली होती तसं विचारलं. "सोपान, दिले का ठेवले?"

दादा सुपारी चघळत, एकदम साध्या आवाजात म्हणाले, "दिले म्हटलं ना आक्का."

आत्या पदर डोळ्यांना लावून आत गेली. पातेली नीट लावल्याचा बराच वेळ आवाज येत होता.

आबा शेवटी म्हणाले, माझे ठेवलेत बाबा. माझ्या पोराचं वर्कशॉप त्यावरच हाय. योगिनी म्हणाली, मग तेवढंच खरं सांगायचं होतं काका, त्यात वाईट काय आहे? आबांना ते पटलं नाही, पण उद्या ठेव मोडून आपल्या नावावर नेतो, व्याज आपल्या रिटर्नमध्ये दाखवतो आणि आक्काचे कापलेले पैसे भरून देतो, असं कबूल केलं. जाताना डब्यात चार पोळ्या मागून नेल्या.

आमच्या घराण्याचा राग आजवर चुकीच्याच जागी फुटलेला पाहिलाय. आज पहिल्यांदा बरोबर जागी फुटला.

१७ जून, मंगळवार

आबांनी आत्याचे पैसे खात्यात टाकले. मुदतीआधी ठेव मोडली म्हणून बँकेनं व्याज थोडं कमी दिलं, त्यावरून दिवसभर बडबडत होते. कर कुणाच्या नावे दाखवायचा ते पत्र योगिनीच्या सरांनी बँकेला लिहून दिलं.

आत्यानं ठेकेदाराला कात्री परत केली. तो म्हणाला, मावशी, तुमच्याएवढी स्वच्छ कड कुणी काढत न्हाई, राहा की. आत्या म्हणाली, माझा भाचा शिकलाय आता, त्याला ठेवा.

२९ जून, रविवार

दादांनी बक्षीस दिल्याचं पत्र लिहून सही केली. आता त्या बारा लाखांचं व्याज आत साठणार नाही, तीन महिन्यांनी आत्याच्या हातात येणार. काल रिटर्न भरला. फोनवर आलेला नंबर टाकायचं काम आत्यानं स्वतः केलं, चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत.

सर मला म्हणाले, गेले दोन महिने आत्यांच्या फाइलीत तू जे कागद लावलेस ते एकदम व्यवस्थित आहेत, कुठं शिकलास? म्हटलं, कुठंच नाही, चुकलं की योगिनी ओरडते. सर हसले. काय हसण्यासारखं होतं माहीत नाही.

तिला विचारलं, आता कुठला कागद राहिला? ती विचार करून म्हणाली, रेशन कार्ड. आयकर खात्याचा कारभार खरंच अवघड आहे.

४ जुलै, शुक्रवार

आत्या हिरवी साडी नेसून बँकेत गेली, मी बरोबर. पंधरा एच भरला, आता दोन्ही ठेवींचा. मॅनेजरनं खुर्ची दिली. मला म्हणाला, पेन हवंय का? मी स्वतःचं नेलं होतं.

बाहेर आल्यावर भेळ.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीला आत्या आमच्याकडे आली होती. ओवाळताना तिच्या फोनवर मेसेज वाजला. रिफंड जमा. दादांनी ओवाळणीत पाचशेची नोट टाकली आणि आबांनी साडी आणली. साडी मीच निवडली होती, पण ह्या वेळी आबांना सांगितलं की ही फक्त साडी आहे.

आनंदानं योगिनीला कळवलं. म्हटलं, संपलं सगळं, आता एकही कागद उरला नाही. ते लिहून झाल्यावर मला एकदम कसंतरी झालं. कागद संपले म्हणजे शनिवारपण संपले की. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं, "एक राहिलाय. तुझी पहिल्या वर्षाची मार्कशीट. ओरिजिनल. सोमवारी अकराला, शर्ट इस्त्री करून. आणि त्या दिवशी कुणी काहीही बोललं तरी आधी वहीत."

आत्याच्या रिफंडचा आणि माझ्या मार्कशीटचा काय संबंध? रिफंड तर आलासुद्धा. मार्कशीट मी कॉलेज सोडलं त्या दिवशी फाडायला काढली होती, नंतर दिसलीच नाही. आत्याला सांगितलं. तिनं पिशवीतून पंधरा एचची पोच ठेवते ती फाइल काढली आणि मार्कशीट माझ्या हातात दिली. वर प्लॅस्टिक चढवलेलं. दोघींचं आधी बोलणं झालेलं असावं असं मला उगाच वाटलं.

मग ती म्हणाली, दुसऱ्या वर्षाची फी किती असते रे? मी सांगितलं. म्हणाली, रिफंड अन् वर थोडं माझ्या व्याजातलं, बसतंय.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, आत्या, ते तुझे पैसे आहेत, माझ्या फीला अजिबात नाही, मी पगारातून भरीन. डावी भुवई वर गेलीच होती. आत्यानं फाइल बंद केली. "माझे हायेत ना? मग मी काय करीन ते इचारायचं न्हाई."

तक्रार घेऊन दादांकडे गेलो. ते बाहेर स्कूटर पुसत होते. आत्या असं असं म्हणतेय, तुम्ही तरी तिला सांगा, असं म्हटलं.

दादा फडकं पिळत म्हणाले, "मला कशाला सांगतोस? आपण इचारायचं न्हाई." आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. "सोमवारी लागंल तुला."